बार्बा नेरेओचं अडीचशे अँपिअरचं मशीन

पासिंगच्या माणसाने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, गाडीशेजारी उकिडवा बसला आणि दाराखालचा पत्रा नुसता टोचून बघितला. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्याने तो ओढून काढला, टोकावरचा तांबडा भुगा फुंकला आणि कागदावर लिहिलं: दाराखालचे पत्रे दोन्ही, तळाचा पत्रा डावा, तळाचा पत्रा उजवा. तीस दिवसांत दुरुस्त करून आणा, नाहीतर नंबराच्या पाट्या जमा करा. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

"म्हणजे मधला पत्रा शाबूत आहे," फुमा म्हणाली.

"मध्ये कुणी पाय ठेवत नाही ना, म्हणून वाचला," पासिंगवाला म्हणाला.

गाडी फुमाची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिचा नवरा, बार्बा (म्हणजे काका) नेरेओ, पुढे इतक्या वेळा 'माझी गाडी, माझी गाडी' करणार आहे की ऐकणाऱ्याचा उगाच गैरसमज व्हायचा. नेरेओला गाडी चालवता येत नाही. चौतीस वर्षं गोदीची बस त्याला सकाळी घरापासून उचलायची आणि दुपारी घरापाशी सोडायची, मग शिकायचं कशाला? फुमाने मात्र पंचविशीत लायसन काढलं, ही चौकोनी डबड्यासारखी गाडी घेतली आणि चाळीस वर्षं तिच्यातून अंडी, चीज, अंजिरं, एकदा तर एक जिवंत डुक्कर पुला शहराच्या बाजारात नेलं. डुक्कर मागच्या सीटवर बसून खिडकीतून बघत होतं म्हणे. समुद्राची खारी हवा आणि चाळीस वर्षं, पत्रा गंजणार नाही तर काय करेल?

आता बाजाराला जाणं सुटलं होतं आणि गाडी उरली होती ती फक्त गुरुवारसाठी. फुमाची थोरली बहीण पिना वर डोंगरातल्या गावात लेकाकडे राहायची. तीन वर्षांपासून पिनाच्या डोक्यातून माणसं एकेक करून गळत चालली होती. आधी शेजारपाजारचे गेले, मग नातवंडं, मग पोटचा मुलगा. पण गुरुवारी दुपारी फुमाची गाडी चढाला लागली की ती आपली आपण उठायची, फाटकात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आलीस बाई एकदाची! केवढा उशीर!" पुढचा तासभर, कधी दोन तास, ती फुमाची बहीण असायची. दोघी मिळून आईला नावं ठेवायच्या, हसायच्या, कोबी चिरायच्या. मागे एकदा गाडी बंद होती म्हणून फुमा बसने गेली, तर पिनाने तिला जनगणनेची बाई समजून घरातली सगळी माहिती अदबीने सांगितली. थोडक्यात, गाडी गेली तर गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला तर बहीण गेली.

नेरेओला हे माहीत होतं. पण कसं, ऐकून माहीत होतं. गुरुवारी दुपारी तो चर्चमागच्या मैदानात लोखंडी गोळे फेकायला जायचा, त्यामुळे पिनाच्या फाटकात तो कधी उभा राहिलाच नव्हता.

"कुणाकडे न्यायची नाही," त्याने जाहीर केलं. "मी करतो. जहाजं जोडलीत मी, ही तर काड्यापेटी आहे."

"जहाजाचा पत्रा बोटाएवढा जाड होता, नेरेओ. हा बघ, नखाने वाकतोय."

"तू मला वेल्डिंग शिकवू नकोस."

खरंच, त्याला कोण शिकवणार? नेरेओ म्हणजे गोदीतला जहाजाच्या पोटाचा माणूस. पाण्याखाली राहणारा जोड त्याचा. त्या जोडांचे एक्स-रे काढायचे, आणि त्याच्या एक्स-रेत चौतीस वर्षांत हवेचा एक बुडबुडा सापडला नाही. त्यातला एक एक्स-रे चौकट करून स्वयंपाकघरात सेंट अँथनीच्या शेजारी लावलेला आहे. पाहुण्यांना वाटतं घरात कुणाचं तरी हाड मोडलंय. गोदी बंद झाली त्या दिवशी सगळे रडले. हा नाही रडला. घरी येऊन तो एक्स-रे पुसला, सरळ केला आणि जेवायला बसला.

तर नेरेओने शेडमधलं वेल्डिंगचं जुनं काडीचं मशीन काढलं, काच डोळ्यांवर ओढली आणि काडी टेकवली. नाण्याएवढं भोक पडलं. ते बुजवायला गेला तर बशीएवढं झालं. संध्याकाळी शेजाऱ्यांचं मांजर दाराखालून शिरून पलीकडून निघालं, तेव्हा त्याने काडी खाली ठेवली.

"मशीन जुनं झालंय," तो म्हणाला. "आता गॅसवालं घ्यायला पाहिजे."

हे बोलायला त्याला किती जड गेलं असेल! गॅसवाल्या मशीनला तो आयुष्यभर 'पिचकारी' म्हणत आला. त्यात नळीतून तार आपोआप येते, भोवती गॅस फुसफुसतो आणि हवेला जोडापासून लांब ठेवतो. वेल्डरला फक्त धरायचं काम. "पोरीबाळींचं यंत्र," असं तो म्हणायचा, आणि मग फुमा म्हणायची, "मग मला आण एक."

मशीन निवडायचं तर बारमध्ये निवडायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी दात काढायचा म्हटलं तरी कुठला दात ते आधी तिथे ठरतं. दुसऱ्या दिवशी सगळी गोदी मालवाझिया वाइनचे पेले घेऊन नेरेओच्या टेबलाभोवती जमली. गोदी म्हणजे आता उरलेली सात म्हातारी माणसं.

"किती अँपिअरचं घेणार?" जुस्तोने विचारलं. जुस्तो क्रेन चालवायचा. त्याचं सगळं बोलणं वरून खाली असायचं.

"दीडशेचं मिळतं दुकानात."

"दीडशे? अरे, दीडशेत काय कॉफी उकळणार आहेस?"

"मग दोनशे?"

"माझ्या मेव्हण्याकडे दोनशेचं आहे. त्याला काय कळतंय वेल्डिंगमधलं? तो न्हावी आहे! न्हाव्याकडे दोनशे आणि तू दीडशे घेणार?"

झालं. आता खाली उतरायची सोयच राहिली नाही. टेबलाने सव्वादोनशे केले, मग अडीचशे. लिलावात गाय घ्यावी तसा प्रकार चालला होता, आणि गाय कशाला पाहिजे हे कुणी विचारत नव्हतं.

विचारलं ते वाल्तेरने. तो कोपऱ्यात उभा राहून कॉफी पीत होता. पन्नाशीचा माणूस, पण ह्या टेबलाला अजून पोरगाच. पूर्वी तो नेरेओच्या हाताखाली उमेदवार होता. सहा महिन्यांनी नेरेओनेच त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "तुझा हात हलका आहे. जहाजाला हलका हात चालत नाही. जा पातळ पत्र्याच्या खात्यात, वारा खेळवायचे हवेचे डबे बनव." वाल्तेर गेला, त्याने पंधरा वर्षं हवेचे डबे बनवले आणि आता तो गाड्यांचे पत्रे बदलतो. त्याच्या दारात गाड्यांची रांग असते.

"बार्बा," तो म्हणाला, "किती वर जातं ते कशाला विचारता? किती खाली येतं ते विचारा."

"म्हणजे?"

"तुमचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नाही. त्याला तीस अँपिअर झाले तरी पुष्कळ. बारीकातली बारीक तार, आर्गन मिसळलेला गॅस, आणि टाके मारायचे. एक इथे मारला, मग लांब तिकडे दुसरा, तोवर पहिला गार होतो. ओळ ओढायची नाही."

"टाके?" नेरेओने टेबलाकडे बघून विचारलं. "मी काय शिंपी आहे?"

टेबल खदखदलं. वाल्तेरही हसला, पण हसून झाल्यावर म्हणाला, "माझं छोटं मशीन घेऊन जा. नाहीतर मीच येतो. दोन दुपारींचं काम आहे. मावशींचा गुरुवार बुडायला नको."

हे शेवटचं वाक्य बोलला नसता तर कदाचित नेरेओ गप्प बसला असता. आपल्या घरचा गुरुवार ह्याच्या तोंडी? "तुझा हात अजून हलकाच आहे," तो म्हणाला, "आणि तोंडही." मग पेला रिकामा करून उठला. घरी जाताना त्याला जरा वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून परत फिरेल तर तो नेरेओ कसला?

मशीन आलं. अडीचशे अँपिअरचं, लाल रंगाचं, वासराएवढं. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. पुला शहरातल्या दुकानदाराने बिचाऱ्याने विचारलं होतं, काय काम करणार? नेरेओ म्हणाला, "लोखंडाचं." खाली किती येतं हे विचारायचं त्याने कटाक्षाने टाळलं, कारण ते वाल्तेरने सुचवलं होतं. गॅसही साधाच घेतला, बारमध्ये बिअरला वापरतात तो, कारण गोदीत तोच होता.

रविवारी चर्च सुटल्यावर अंगणात प्रात्यक्षिक झालं. फुमाने हॅम कापला, जुस्तोने वाइन आणली. नेरेओने लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि एका दमात जोड ओढला. काय जोड होता! सरळ, भरलेला, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक बसलेला. म्हातारी माणसं वाकून वाकून बघत राहिली. जुस्तोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते धुरावर ढकललं. त्या अर्ध्या तासात गोदी पुन्हा चालू झाली होती.

सोमवारी नेरेओने मशीन अगदी खालच्या आकड्यावर आणलं. खालचा आकडा साठ होता. त्याने गाडीच्या पत्र्याला तार लावली आणि पत्रा दिसेनासा झाला. वितळला, फुटला असं काही नाही, दिसेनासा झाला. मंगळवारी बुरा नावाचा डोंगरवारा सुटला. आमच्याकडे बुरा सुटला की कौलं जातात, तिथे गॅस काय टिकणार? जोडाची चाळणी झाली. बुधवारी फुमाच्या जाड गोधड्या चारी बाजूंनी टांगून त्याने तंबू केला, आणि एका गोधडीला ठिणगीने भोक पडलं. पत्र्यालाही पडलंच.

त्या गुरुवारी फुमा बसने गेली. संध्याकाळी परत आली, कोट अडकवला आणि म्हणाली, "आज मी नर्स होते. तिने मला जीभ काढून दाखवली."

पुढच्या गुरुवारी ती परत आली तेव्हा नेरेओने स्वतःच विचारलं, "आज कोण?"

"आज कुणीच नाही," फुमा म्हणाली. "मी समोर बसले होते आणि ती माझ्यामागची भिंत बघत होती."

नेरेओला जेवण गेलं नाही. त्याने एकदा फोन हातात घेतला, वाल्तेरचा नंबर काढला आणि त्याच्याकडे बघत बसला. मग त्याची नजर भिंतीवरच्या एक्स-रेकडे गेली आणि फोन परत जागेवर गेला. फुमा हे सगळं बघत होती. तिने भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली.

पण माणूस हुशार होता हो! रिकामं डोकं नव्हतं ते. बारा दिवस उरले असताना सकाळी कॉफी पिता पिता त्याला सुचलं: मशीन खाली पत्र्यापर्यंत येत नाही ना, मग पत्रा वर मशीनपर्यंत न्यायचा!

गोदी बंद झाली तेव्हा प्रत्येकाने आठवण म्हणून काही ना काही घरी आणलं होतं. कुणी हातोडी आणली, कुणी भोंग्याची शिट्टी. नेरेओने पत्रा आणला होता. खरा जहाजाचा, चार मिलिमीटरचा, दोन माणसांनी उचलायचा. अकरा वर्षं तो कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभा होता. नेरेओने कोंबड्यांना हाकलून तो कापला. गाडीचा सगळा गंजका तळ ग्राइंडरने उडवून टाकला आणि त्या जागी नवा तळ बांधायला घेतला. आडवे दांडे, उभे दांडे, कोपऱ्यात त्रिकोणी आधार, अगदी जहाजाच्या पोटात असतात तसे. जाडाला जाड जोडताना मशीन गात होतं. जिथे नवा पत्रा जुन्या पातळ पत्र्याला भेटायचा तिथे तो ठिणगी नव्यावरच धरायचा आणि वितळलेलं लोखंड जुन्यावर नुसतं लोळू द्यायचा. हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, वाल्तेरलाही नाही. खोटं कशाला बोला?

आणि एकदा गाडीखाली पाठ टेकलीच आहे, तर अर्धवट सोडायचं कसं? पासिंगवाल्याने लिहून दिलेलं कामाच्या सातव्या दिवशी संपलं. उरलेल्या दिवसांत त्याने न लिहिलेलं केलं. दाराचे लोंबणारे कोपरे बसवले. बॅटरीची पेटी बांधून काढली. तळाखाली एक पट्टी कित्येक वर्षं खडखडत होती, ती जखडून टाकली. सायलेन्सरला बाजूला एक भोक होतं, अंगठ्याएवढं, पासिंगवाल्याने चालवून घेतलेलं. नेरेओला भोक चालत नाही. त्याने अख्ख्या सायलेन्सरला जाड पत्र्याची पेटी केली आणि चारी बाजूंनी अशी जोडली की आत मुंगीला जायला वाट राहू नये.

एकोणतिसाव्या दिवशी गाडी पासिंगला गेली. तोच माणूस होता. त्याने स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो घसरला. जोर लावला, वाकला. मग हातोडीने ठोकून बघितलं तर चर्चच्या घंटेसारखा नाद आला. तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"सिन्योर," बाहेर येऊन तो म्हणाला, "ही बुडणार नाही."

"चौतीस वर्षांत एकही नाही बुडालं," नेरेओ म्हणाला.

गाडी पास झाली. बारमध्ये नेरेओने सगळ्यांना पाजली. गाडी बाहेर उभी होती आणि म्हातारे गुडघे धरून वाकून तिचं पोट बघत होते. वाल्तेरही आला. त्याने हात पुसला, जोडावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"सुंदर आहे, बार्बा," तो म्हणाला. "जहाज आहे हे."

"बघ! हात जड लागतो," नेरेओ म्हणाला. पण वाल्तेरच्या पेल्यात त्याने स्वतःच्या हाताने वाइन ओतली, म्हणजे त्याच्या हिशेबी माफी मागून झाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. नेरेओने गोळ्यांच्या खेळाला दांडी मारली, रविवारचा कोट घातला आणि फुमाच्या शेजारी जाऊन बसला. "म्हटलं बघावी तरी तुझी बहीण," तो म्हणाला. खरं म्हणजे त्याला स्वतःची करामत बघायची होती. पिना फाटकात येणार, म्हणणार आलीस बाई एकदाची, आणि ते आपल्यामुळे. ह्या कल्पनेने तो सकाळपासून शीळ घालत होता. फुमाने मागच्या सीटवर रानातल्या शतावरीच्या कोवळ्या कोंबांची जुडी ठेवली होती, पिनाला अंड्यात घालून आवडते म्हणून.

गाडी निघाली. वजन वाढलं होतं, पण रस्त्यावर कशी ठाम चालली होती! खडखड नाही, थरथर नाही. फुमा आधी खूश होती. मग चढ लागला तसा तिने कान टवकारला.

"किती गुपचूप चालतेय रे," ती म्हणाली.

"जोड घट्ट असला की अशीच चालते."

खालचं वळण आलं, मग वरचं वळण. फुमाने विनाकारण गियर बदलून गाडी रेटली. इंजिन आतल्या आत गुरगुरलं, जसं कुणी उशी तोंडावर धरून बोलावं. फाटक दिसलं. फाटकात कुणी नव्हतं.

फुमाने गाडी उभी केली, पण लगेच चावी फिरवून इंजिन बंद केलं नाही. दोघं बसून राहिले. नेरेओने फाटकाकडे पाहिलं, मग फुमाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून त्याला सगळं एकदम कळलं. पिनाने गाडी कधी पाहून ओळखलीच नव्हती. फाटकात यायच्या आधी तिला ती दिसणार कुठून? आणि कळलं तेव्हा त्याला इतकी लाज वाटली की उतरून पळत आपल्या गावाला परत जावंसं वाटलं.

पिना अंगणात अक्रोडाखाली बाकावर बसली होती. फुमा शतावरीची जुडी घेऊन समोर उभी राहिली. पिनाने वर बघितलं, नीटनेटकी हसली.

"या, बसा ना," ती म्हणाली. "पण मला फार वेळ नाही हं. आज गुरुवार ना? माझी बहीण यायची आहे. तिच्या गाडीचा काय तो आवाज, खालच्या वळणापासून ऐकू येतो."

फुमा तिच्या शेजारी बसली. "येईल," ती म्हणाली. "बसते तोवर तुमच्यासोबत."

नेरेओने कोट काढला नाही. डिकीतून जॅकचा दांडा घेतला, गाडीखाली पाठीवर सरकला आणि सायलेन्सरच्या पेटीवर घाव घालू लागला. एक, दोन, दहा. त्याने कोपऱ्यात मारलं, मग कडेला मारलं, मग दांडा फटीत घालून उचकटायला गेला, पण फट कुठे ठेवली होती त्याने? दांडा वाकला. त्याच्या डोळ्यांत रस्त्याची माती गेली आणि तो तसाच मारत राहिला. चौतीस वर्षांत त्याचा जोड कुणाला फोडता आला नव्हता आणि तो आता त्यालाही फुटेना.

"ते गृहस्थ काय ठोकतायत?" पिनाने विचारलं.

"गाडी दुरुस्त करतायत," फुमा म्हणाली.

"करू देत, करू देत," पिना म्हणाली आणि फाटकाकडे बघत बसली. "फुमा यायला अजून अवकाश आहे."